सर्व्हेत सगळे घाबरलेले दिसले, तर शेअर्स घ्यायचे का?

'सगळे घाबरलेत, म्हणजे आता घ्यायची वेळ!' असा सल्ला आणि त्याखाली लाल-हिरवा चार्ट. व्हॉट्सॲपवर तुमच्याकडेही असं काही आलं असेल. त्यातला एक नेहमीचा चार्ट असतो अमेरिकेतल्या एएआयआयच्या सर्व्हेचा. तो नक्की काय मोजतो, आणि त्यावरून बाजाराचा अंदाज बांधता येतो का, ते बघूया.

एएआयआय म्हणजे अमेरिकन असोसिएशन ऑफ इंडिव्हिज्युअल इन्व्हेस्टर्स, छोट्या गुंतवणूकदारांची संस्था. १९८७ पासून ती दर आठवड्याला सभासदांना एकच प्रश्न विचारते: पुढच्या सहा महिन्यांत शेअर बाजार वर जाईल, खाली जाईल की आहे तिथेच राहील? इतक्या वर्षांची सरासरी काढली तर साधारण ३७-३८ टक्के लोक 'वर' म्हणतात आणि ३१ टक्के 'खाली'.

सर्व्हेचं नाव झालं ते मुख्यतः दोन आकड्यांमुळे. जानेवारी २००० मध्ये ७५ टक्के लोक तेजीवाले होते. मार्चमध्ये एस अँड पी ५०० ने शिखर गाठलं आणि डॉट-कॉमचा फुगा फुटला. मार्च २००९ च्या सुरुवातीला ७० टक्के लोक मंदीवाले होते, आणि ९ मार्चला बाजाराचा तळ झाला. तेव्हापासून अनेक जण हा सर्व्हे उलटा वाचतात. तर्कही पटण्यासारखा आहे: घाबरलेले विकून मोकळे झाले की विकायला उरतं कोण?

आता चार्टमधल्या या जागा बघा, ज्यांच्यावर सहसा कुणी बाण काढत नाही. एप्रिल २०२२ च्या मध्यावर तेजीवाले उरले होते फक्त १५.८ टक्के, म्हणजे जवळपास तीस वर्षांतला नीचांक. उलटं वाचणाऱ्यांसाठी ही सोन्यासारखी संधी! पण सहा महिन्यांनी एस अँड पी ५०० त्या पातळीपेक्षा सुमारे १८ टक्के खाली होता. तेव्हा घाबरलेले लोक बरोबर ठरले.

२०२५ ची गोष्ट तर आणखी मजेशीर. फेब्रुवारीअखेर मंदीवाले ६० टक्क्यांच्या वर गेले. तेव्हा निर्देशांक विक्रमी उच्चांकापासून जेमतेम ३ टक्के खाली होता. मग ट्रम्प यांचं आयात शुल्क आलं आणि ८ एप्रिलपर्यंत बाजार तिथून आणखी १६ टक्के पडला. दुसऱ्या दिवशी शुल्काला स्थगिती मिळाली आणि एका दिवसात साडेनऊ टक्क्यांची उसळी. ऑगस्टअखेर, म्हणजे सर्व्हेतले सहा महिने संपले तेव्हा, निर्देशांक फेब्रुवारीपेक्षा ८ टक्क्यांहून जास्त वर. मग सर्व्हे उलटा वाचणारा जिंकला का? कागदावर हो. पण कर्ज काढून किंवा फ्युचर्समध्ये उतरला असेल, तर एप्रिलमध्येच त्याचा खेळ आटोपला असता.

मोजण्याच्या पद्धतीतही अडचणी आहेत. मत देणारे स्वेच्छेने देतात, आणि फक्त सभासद. प्रश्न पुढच्या सहा महिन्यांचा असला तरी उत्तरात मागच्या दोन-तीन आठवड्यांची घसरण डोकावते. शिवाय मंदीवाले ६० टक्क्यांच्या वर जाण्याचे प्रसंग जवळपास चार दशकांत मोजकेच, तेही एकमेकांना चिकटून आलेले. एवढ्याशा नमुन्यावर नियम बसवणं म्हणजे दोन पावसाळे बघून हवामानखातं उघडणं!

आपल्याकडचं एक सांगायला हवं. एनएसईचा इंडिया व्हिक्स हा सर्व्हे नाही. तो निफ्टीच्या ऑप्शन्सच्या किमतींवरून काढतात. म्हणजे तिथे कुणाला काही विचारलेलं नसतं, लोकांनी पैसे मोजून केलेले सौदे आणि लावलेले भावच असतात. ॲपमध्ये 'मूड मीटर' दिसला तर आधी तो कशावरून काढलाय ते बघा. त्यात बाजाराची अलीकडची चाल धरलेली असेल, तर 'मूड बिघडला म्हणून बाजार पडला' या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर मंदीवाले ६० टक्क्यांच्या वर गेले की मी एवढंच करतो: चालू एसआयपी बंद करायचा विचार त्या महिन्यात करत नाही.