कॅरॅक्टरच्या कपाटात काय आहे?

स्टुडंट फिल्म कशी ओळखायची? एकदम सोप्पंय! हीरो 'विचारवंत' असेल तर खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम आणि गोल चष्मा. मुलगी साधी असेल तर वेणी, बंडखोर असेल तर मोकळे केस आणि नाकात चमकी. ऑफिसवाला म्हटला की टाय (आपल्यापैकी किती जण रोज टाय लावतात, खरं सांगा!). आणि गरीब? गरीब म्हणजे फाटका बनियन आणि गालाला काळं. हे काळं दोन्ही गालांना अगदी सारखंच कसं लागतं, ते एक कोडंच आहे.

पण नुसतं हसून सोडून देऊ नका. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये माणसाची ओळख करून द्यायला वेळ कुठे असतो? पात्राने तोंड उघडण्याआधी त्याचा शर्ट बोलून मोकळा झालेला असतो. त्यामुळे शॉर्टकट मारायचा मोह होणारच. प्रश्न एवढाच, की तो शर्ट खरं बोलतोय का?

गेल्या वर्षी पुण्यात मास कॉमच्या मुलांची एक फिल्म बनताना जवळून बघायला मिळाली. गोष्ट छोटीशीच. धुण्याभांड्याची कामं करणारी आई मुलीच्या शाळेत पालकसभेला जाते. कपडेपट सांभाळणाऱ्या मुलीने ड्रेपरीवाल्याकडून एक विटकी साडी आणली, वर हौसेने तिला ठिगळही लावलं. हॉस्टेलमध्ये साफसफाई करणाऱ्या मावशी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी साडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही कुठं नेसून जाणारे ती?"

"शाळेत, मावशी."

"अगं, शाळेत कोण फाटकं नेसून जातं? पोरीची मान खाली जाईल ना! मी तर पेटीतली काढीन, भावाच्या लग्नातली."

झालं! त्या एका वाक्याने सगळा लुक बदलला. आईला जरीच्या काठाची चांगली साडी आली. वर्षानुवर्षं घडी घालून ठेवल्यामुळे तिच्यावर चौकोनी मोड उमटलेले. ब्लाउज मात्र दुसऱ्याच साडीवरचा. केसांना तेल, चापूनचोपून अंबाडा. आणि पायात? रोजचीच रबरी स्लिपर. कारण साडी पेटीत जपून ठेवता येते, पण चपलांचा दुसरा जोड घ्यायला पैसे उरत नाहीत. फिल्ममध्ये बाई मान वर करून वर्गात शिरते, बाकावर बसते आणि हळूच पाय मागे ओढून घेते. 'आम्ही गरीब माणसं' हा डायलॉग होता, तो एडिटला उडवला. गरजच उरली नव्हती.

फंडा लक्षात आला? कपडे दोन गोष्टी एकदम सांगतात. माणसाला जगासमोर कसं दिसायचंय ते, आणि त्याच्या खिशाला काय परवडतं ते. या दोन्हींतली फट म्हणजे कॅरॅक्टर!

चार्ली चॅप्लिनने हे 1914 मध्येच ओळखलं होतं. त्याच्या ट्रॅम्पची पँट ढगळ, कोट तंग, टोपी छोटी, बूट भलेमोठे. खिशात दमडी नाही, पण हातात काठी आणि ऐट साहेबाची. दिसायचंय जंटलमन, आहे फाटका. सगळी गंमत आणि सगळं दुःख त्यातच आहे.

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर घेतलं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. गांधीजींचं आयुष्यच बघा. 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरले ते सुटाबुटातले बॅरिस्टर, आणि 1921 मध्ये मदुराईत त्यांनी फक्त पंचा स्वीकारला. ठरवून एकेक कपडा सोडत गेलेला माणूस! त्याचा प्रवास पडद्यावर कपड्यांतून नाही दाखवायचा, तर कशातून?

आणि चैतन्य ताम्हाणेचा 2014 चा 'कोर्ट' आठवतोय? एका बाईने स्लीव्हलेस घातलंय म्हणून न्यायाधीश तिची केस ऐकायलाच तयार होत नाहीत. त्या बाईचा स्वभाव त्यातून कळत नाही. कळतो तो न्यायाधीशांचा! कपडे कधी कधी घालणाऱ्याबद्दल नाही, बघणाऱ्याबद्दल बोलतात.

आता थोड्या कामाच्या टिप्स, कारण कुणाचा तरी कझिन सध्या फिल्म करतोय, हे नक्की. नवाकोरा शर्ट कॅमेऱ्यात लगेच ओरडतो, म्हणून आधी चार-पाच वेळा धुवा. पांढरंशुभ्र खुपत असेल तर चहाच्या पाण्यात बुडवून काढा. कॉलर आणि कफ पॉलिश पेपरने हलके घासा, कारण शर्ट झिजतो तिथूनच. बारीक चट्ट्यापट्ट्यांचे शर्ट टाळा, स्क्रीनवर त्या लाटांसारख्या हलतात. प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर दुमडलेली बाही पुढच्या शॉटला आपोआप उलगडते. बजेट नाही? जेवढं फ्रेममध्ये दिसतं, तेवढ्याचीच काळजी करा. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

पण सगळ्यात महत्त्वाची टीप फुकट आहे. ज्याची गोष्ट सांगताय, त्याला आधी विचारा. तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन ड्युटी संपल्यावर काय घालून घरी जातो? कुरिअरवाला सणाला कोणता शर्ट काढतो? हीच मुलं उद्या जाहिराती करतील, सिरियल्स करतील. त्यांनी 'गरीब म्हणजे फाटका' एवढंच शिकून ठेवलं, तर पुढची वीस वर्षं आपणही तेवढंच बघत राहणार. मग कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस 'मदत पाहिजे' म्हणाला, की आपल्याला तो खोटारडा वाटणार! फिल्ममधली चूक रस्त्यावर उतरते ती अशी.

तेव्हा या वीकेंडला कझिनचा फोन आला आणि त्याने 'दादा, फिल्मसाठी तुझा ऑफिसचा एक शर्ट दे ना' म्हटलं, तर जरूर द्या. फक्त कपाटातला सगळ्यात भारी देऊ नका. बाहीवर शाईचा डाग आहे, वरून दुसरं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय आणि तरीही जो तुम्ही दर सोमवारी घालता, तोच द्या.