टेक्सास : स्वातंत्र्य कोणाचे?

हॉलिवूडने अलामोचा वेढा इतक्यांदा पडद्यावर आणला की, मूठभर वीरांनी जुलमी मेक्सिकोशी झुंजून स्वातंत्र्य मिळवले, हाच टेक्सासचा इतिहास अशी जगाची समजूत झाली आहे. आपल्याकडील सुशिक्षितही ही कथा भक्तिभावाने ऐकवतात. अलामोत शौर्य नव्हते, असे कोण म्हणेल? तेरा दिवस झुंजून ६ मार्च १८३६ रोजी तेथील शिबंदी कापली गेली. प्रश्न एवढाच, की हे शौर्य कशासाठी खर्ची पडले?

१८२१ साली स्पेनच्या जोखडातून सुटलेल्या मेक्सिकोला उत्तरेकडील ओसाड प्रांत वसवायचा होता. त्याने स्टीफन ऑस्टिनसारख्यांच्या हवाली जमिनी केल्या. वसाहतवाल्यांनी मेक्सिकोचे नागरिक व्हावे आणि कॅथलिक पंथ पाळावा, ही अट. त्यांनी ती कागदावर मान्य केली, जमीन घेतली आणि बरोबर गुलाम आणले. जनरल मिएर इ तेरान यांनी १८२८ मध्ये सीमाभाग पाहून सरकारला सावध केले होते. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली. मात्र टेक्सासला लगोलग सूट दिली! ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्यांना मज्जाव झाला, तोवर मेक्सिकन माणूस त्या प्रांतात अल्पसंख्य झाला होता. कायदा करायचा आणि राबवायचा नाही, ही खोड केवळ आपल्याच राज्यकर्त्यांची नव्हे!

सांता आनाने १८२४ ची संघराज्यात्मक घटना गुंडाळली, हे खरे. गोलियाद येथे तीनशेहून अधिक युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या, हेही खरे. त्याची फळे त्याला २१ एप्रिल १८३६ रोजी सॅन हासिंतोच्या रणात मिळाली. सॅम ह्यूस्टनच्या सैन्याने अवघ्या अठरा मिनिटांत त्याचा धुव्वा उडवला. परंतु याच वर्षी जन्मलेल्या प्रजासत्ताकाची घटना उघडून पाहा. गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही. काँग्रेसच्या संमतीवाचून मुक्त कृष्णवर्णीयाला तेथे कायम राहता येणार नाही. स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यांचे हे स्वातंत्र्य!

या प्रजासत्ताकाला स्वतंत्र राहण्याची हौस तरी कितपत होती? सप्टेंबर १८३६ मध्येच मतदारांनी प्रचंड बहुमताने अमेरिकेत विलीन होण्याचा कौल दिला. गुलामांचे आणखी एक राज्य आणि मेक्सिकोशी युद्ध, या भीतीने वॉशिंग्टनने नऊ वर्षे टाळाटाळ केली. इकडे तिजोरी रिती आणि कर्जाचा डोंगर. १८४४ मध्ये विलीनीकरणाचा तह सिनेटने ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. तहाला दोन तृतीयांश मते लागतात ना? मग संयुक्त ठराव आणा, तेथे साधे बहुमत पुरते! सिनेटमध्ये तो २७ विरुद्ध २५ असा निसटता संमत झाला. २९ डिसेंबर १८४५ रोजी टेक्सास राज्य झाले, १८४६ मध्ये युद्ध पेटले आणि १८४८ च्या तहाने मेक्सिकोच्या हातून निम्म्याहून अधिक भूमी गेली.

या गदारोळात हुआन सेगिन मात्र कोणाला आठवत नाही. हा सॅन अँटोनिओचा भूमिपुत्र. जातीने मेक्सिकन, पण सॅन हासिंतोला तो ह्यूस्टनच्या बाजूने लढला. पुढे त्याच शहराचा महापौर झाला. नवागतांनी त्याच्यावर फितुरीचा ठपका ठेवला आणि १८४२ मध्ये, ज्या मेक्सिकोविरुद्ध शस्त्र उचलले, त्याच मेक्सिकोत त्याला आश्रयाला जावे लागले.