रोझेल नियम: करार संपे, बंधन संपत नसे

अमेरिकन फुटबॉलपटूंच्या स्वातंत्र्याची कथा १९७६ च्या न्यायालयीन विजयापाशी संपवण्याचा प्रघात आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

१९६३ पासून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम होता. करार संपलेला खेळाडू ज्या संघाने घेतला, त्याने जुन्या संघाला भरपाई द्यावी. एकमत न झाल्यास ती आयुक्त ठरवतील. बदल्यात कोणता खेळाडू गमवावा लागेल हेच ठाऊक नसल्याने सहसा कोणी पुढे येत नसे.

बाल्टिमोर कोल्ट्सचे जॉन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हा नियम न्यायालयात बेकायदा ठरवून घेतला. पण पुढल्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेनेच भरपाईची तत्सम पद्धत मान्य केली! न्यायालयात मिळवले ते वाटाघाटीत घालवले. १९८७ चा २४ दिवसांचा संपही बदली खेळाडूंपुढे फसला.

खरी मोकळीक १९९३ मध्ये आली. रेजी व्हाइट चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बेकडे गेले. तिची किंमतही लगेच मोजावी लागली: १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा, पहिल्या वर्षी सुमारे ३ कोटी ४६ लाख डॉलर. आजही करार अर्ध्यावर मोडून खेळाडूला घरी पाठवताना संघ हीच मर्यादा पुढे करतात.