औषध टाकले, पण टाकी घासली का?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राला तापी नदीवरील हतनूर धरणातून पाणी मिळते. टर्बाइन फिरवून आलेली वाफ पुन्हा थंड करायला अशा केंद्रांत पाणी सतत नळ्यांमधून फिरवावे लागते. काळजी घेतली नाही, तर या नळ्यांच्या आत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. क्षारांच्या थरापेक्षाही तो उष्णता अधिक अडवतो आणि तेवढ्याच विजेला जास्त कोळसा जाळावा लागतो. या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. आपल्या घरातला माठ, टाकी, कूलर, एवढेच काय, दातांवरचे कीटणही याच जातीचे.

ओल्या पृष्ठभागावर आधी पाण्यातले सेंद्रिय कण बसतात. त्यांवर जिवाणू टेकतात. सुरुवातीची ही पकड सैल असते. मग ते वाढू लागतात आणि स्वतःभोवती शर्करा व प्रथिनांचा चिकट लगदा तयार करतात. त्या लगद्यात निरनिराळ्या जातींची वस्तीच उभी राहते. थर जाड झाला की त्यातले काही जिवाणू सुटून पुढे नवी जागा धरतात.

या वस्तीत औषध सहज पोहोचत नाही. पाण्यात तरंगणारे जिवाणू क्लोरीनने लवकर मरतात. थरात मात्र वरच्या भागातच क्लोरीन खर्ची पडते आणि खालचे जिवाणू वाचतात. रुग्णालयात लघवीच्या नळीवर असाच थर धरतो. तेव्हा प्रतिजैविकांनी ताप उतरतो, पण जुनी नळी तशीच राहिली तर संसर्ग पुन्हा डोके वर काढू शकतो.

1976 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला आलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची मोठी साथ आली. पुढच्या वर्षी त्यामागचा लिजिओनेला हा जिवाणू सापडला. कोमट पाण्यातल्या अशा थरांत तो वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांवाटे श्वासात जातो. म्हणूनच मोठ्या इमारतींच्या शीतकरण मनोऱ्यांवर तेव्हापासून जगभर लक्ष ठेवले जाते.

खान्देशात हा विषय घराघरांतला आहे. अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ते साठवण्याशिवाय इलाज नाही. उन्हाळा सुरू झाला की माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि गेल्या वर्षीच्या गाळासकट सुरू होतो. पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकणे आवश्यकच आहे. पण भांड्याच्या कडेला थर तसाच असेल, तर ते काम अर्धेच राहते.

म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, रांजण आणि कूलरची टाकी रिकामी करावी, ब्रशने घासावी, उन्हात कोरडी करावी आणि मगच भरावी. डेंग्यूच्या डासाची अंडीही भांड्याच्या आतल्या कडेलाच चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत, घासण्याने जातात. आरोग्य कर्मचारी ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

पण घरची टाकी घासून उपयोग किती, जर गावची टाकीच घासली जात नसेल? प्रत्येक जलकुंभावर तो शेवटचा कधी धुतला आणि पुढे कधी धुणार, या दोन तारखा ठळक अक्षरांत लिहायला नगरपालिका व ग्रामपंचायतींना फार खर्च येणार नाही. त्या दिसत नसतील, तर पुढच्या ग्रामसभेत त्या विचाराव्यात.