मुठीत झाकलेला विस्तव

माझे वडील विडी ओढताना ती मुठीत झाकून घेत. विस्तवाचे टोक तळहाताच्या आत आणि धूर बोटांच्या फटीतून बाहेर. नांदेडच्या घरात व्हरांड्यावर शंभराचा दिवा लखलखत असायचा, कोणाला लपून ओढायचे कारण नव्हते, तरी मूठ वळलेलीच असे. लहानपणी मला वाटे, हात भाजू नये म्हणून काहीतरी युक्ती असेल. पुढे कळले की ही सवय १९४८ सालची होती. रझाकारांच्या त्या दिवसांत ते उमरखेडकडच्या कॅम्पवर होते, आणि रात्री शिवारात विडीचे टोक दिसले तर त्या दिशेने गोळी येऊ शकते, एवढे शहाणपण तिथल्या पोरासोरांनाही आलेले होते. संस्थान गेले, निजाम गेला, वडिलांची मूठ मात्र अखेरपर्यंत तशीच राहिली.

ही आठवण निघाली ती परवा लातूरला. निवृत्त माणसांचा आमचा एक सकाळचा अड्डा आहे. फिरणे कमी आणि गंजगोलाईजवळच्या टपरीवर बसणे जास्त, असे त्याचे स्वरूप. तिथला पहिला विषय नेहमी एकच.

"किती ओढायलास आता?"

"दोनच. एक चहासंगं, एक जेवल्यावर."

"आणि घरी सांगतोस किती?"

"घरी सोडली म्हणून सांगितलंय."

हशा पिकतो. मग कोणाच्या फुप्फुसाचा फोटो कसा आला, कोणाच्या सुनेने काडेपेटी कशी लपवली, हे सगळे होते. एके काळी आमच्याकडे सिगारेट म्हणजे चारमिनार. हैदराबादला तयार होणारी, फिल्टर नसलेली, घशाला किसणीसारखी लागणारी. संस्थान खालसा झाले तरी मराठवाड्याच्या खिशात हैदराबाद राहिले ते त्या पाकिटाच्या रूपाने. मीही बँकेतली वीस वर्षे तिच्या सोबतीने काढली आणि डॉक्टरांनी दम भरल्यावर सोडली. त्या दिवशी अड्ड्यावर आमचा एक जुना सोबती कर्करोगाने गेल्याची बातमी निघाली. सगळे क्षणभर गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "कोण म्हणलं होतं त्याला एवढं ओढ म्हणून?"

पाच मिनिटांनी कोणीतरी वर्तमानपत्र उलगडले. युद्धात मारल्या गेलेल्या एका बातमीदाराची बातमी होती. तोच गृहस्थ, त्याच सुरात म्हणाला, "कोण म्हणलं होतं त्याला तिथं जा म्हणून?"

मला हे वाक्य लागले. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला धावून येणारा आहे. पण सिगारेट ओढणारा आणि रणांगणावर बातमी आणायला जाणारा, या दोघांचे मरण त्याने एकाच खात्यावर टाकले : स्वतःच्या हौसेने ओढवून घेतलेले मरण. मी चाळीस वर्षांच्या आसपास हिशेब केले आहेत, नोंद चुकीच्या खात्यावर गेली की मला झोप येत नाही. म्हणून हा लेख.

सिगारेटचा धोका ओढणारा स्वतःसाठी पत्करतो. बातमीदार धोका पत्करतो तो आपल्यासाठी. तो गेला नाही तर आपल्याला तिथले काही कळणार नाही. जे कळेल ते दोन्ही बाजूंच्या सैन्याने कळवलेले. दानिश सिद्दिकी हा भारतीय छायाचित्रकार १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकजवळ मारला गेला. रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी २०१८ साली रॉयटर्सच्या ज्या चमूला पुलित्झर मिळाले, त्यात तो होता. समुद्रकिनाऱ्यावर उतरून वाळूला हात लावणारी ती थकलेली बाई आपल्याला दिसली, कारण कोणीतरी तिथे उभा होता.

सैनिकाची आणि बातमीदाराची सुरक्षितता यांत एक मोठा फरक आहे. सैनिकाने दिसायचे नसते. वडिलांसारखा विस्तव मुठीत झाकायचा असतो. बातमीदाराने मात्र दिसायचे असते. निळे जाकीट, त्यावर ठळक अक्षरांत 'प्रेस', गाडीच्या टपावर तेच. मी लढणारा नाही, हे दुरून कळावे यासाठी हा सारा खटाटोप. १९४९ च्या जिनिव्हा कराराला १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या ७९ व्या कलमात तेच लिहिले आहे : युद्धक्षेत्रात काम करणारा पत्रकार हा नागरिक समजावा. आपला देश जिनिव्हा करारात आहे, या प्रोटोकॉलमध्ये मात्र सामील झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही २००६ आणि २०१५ साली या संरक्षणासाठी ठराव केले.

ठराव झाले, पण ऑक्टोबर २०२३ पासूनच्या गाझातील युद्धात काय झाले? बाहेरच्या बातमीदारांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिले गेले नाही. तिथल्याच पोरांनी, स्वतःची घरे पडत असताना, कॅमेरे धरले. पत्रकारांच्या हत्यांची नोंद १९९२ पासून ठेवणाऱ्या न्यूयॉर्कच्या समितीच्या दप्तरात इतके पत्रकार मारले गेलेले दुसरे युद्ध नाही. ज्या खुणेने वाचायचे, तीच खूण अंगावर असताना ही माणसे मेली. उद्या एखादा बातमीदार ते जाकीट उतरवून ठेवील आणि वडिलांसारखी मूठ वळील, तर त्याला दोष कसा द्यायचा?

कोणी म्हणेल, गाझा कुठे आणि गंजगोलाई कुठे. त्यांना १९४८ ची आठवण द्यावीशी वाटते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी वकिली करीत होता ती याच लातुरात. आणि त्याच्या संघटनेचा बळी ठरलेला पत्रकार म्हणजे हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे तो उघडपणे लिहीत होता. वय तिशीच्या आत. ऑगस्ट १९४८ मध्ये, २१-२२ तारखेच्या रात्री, काम संपवून घरी परतताना त्याला रस्त्यात गाठले, गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. लिहिणारा हात. त्यानंतर महिनाही झाला नाही तो, १७ सप्टेंबरला, संस्थान शरण आले. ती कारवाई नावाला 'पोलीस अॅक्शन', प्रत्यक्षात लष्कराची. म्हणजे जिथे युद्ध होते तिथेही कागदोपत्री युद्ध नव्हते.

त्याच वर्षी ३० जानेवारीला आमच्या नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्या पैशाचा चोख हिशेब ठेवला गेला, हे आम्ही बँकवाले आजही छाती फुगवून सांगतो. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, भाषणे होतात. शोएबुल्ला खानाचे नाव मी त्या भाषणांत क्वचितच ऐकले. तो उर्दूत लिहीत होता, मुसलमान होता आणि आपल्या बाजूचा होता, या तिन्ही गोष्टी एकत्र बसवणे आपल्याला जड जात असावे.

आजचे आपले बातमीदार तर युद्धात नाहीतच. वाळूचा उपसा, जमिनीचे व्यवहार, गावातली दंगल. शशिकांत वारिसे यांनी राजापुरात रिफायनरीच्या जमिनींबद्दल लिहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीच्या धडकेने ते गेले आणि खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा त्याआधीच, २०१७ साली, आपल्या विधिमंडळाने संमत केलेला होता. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा त्यात आहे. पण जगभरात पत्रकारांच्या खुनांपैकी सुमारे ८५ टक्क्यांचा तडा लागत नाही, असे युनेस्कोने २०२४ साली सांगितले. मारणाऱ्याला कायद्यापेक्षा हा आकडा जास्त पाठ असतो.

बँकेत असताना एका शाखेतून दुसऱ्या शाखेत रोकड न्यायची तर केवढा सोहळा असे! बंदूकधारी रखवालदार, एक अधिकारी, एक कॅशियर, पेटीला दोन कुलुपे आणि दोघांकडे दोन किल्ल्या. निघण्याची वेळ कोणाला सांगायची नाही, पोचल्याबरोबर कळवायचे. वर विमा. पाच लाखांसाठी एवढे. आणि तालुक्याचा वार्ताहर? जाहिरातींच्या कमिशनवर जगणारा, स्वतःच्या मोटारसायकलीवर, स्वतःच्या पेट्रोलने, एकटा. तो कुठे गेला आहे हे कचेरीत कोणाला ठाऊक नसते आणि तो परतला नाही हे आधी त्याच्या बायकोला कळते. असा एक वार्ताहर माझा मित्र होता. दंगलीच्या रात्री तो टपरीमागे उभा राहून चारमिनार ओढायचा. त्याची मूठही वळलेली असायची. ती त्याला कोणी शिकवली होती, हे विचारायचे राहून गेले.

गाझाचे मी काही करू शकत नाही. पण नांदेड-लातूरच्या दैनिकांनी आपल्या प्रत्येक वार्ताहराचा विमा उतरवावा, दंगलीत किंवा पुरात त्याला एकटे पाठवू नये आणि निघताना-परतताना नोंद ठेवावी, एवढे मागायला काय हरकत आहे? पेटीसाठी जे नियम होते, तेच माणसासाठी. आणि दरवर्षी २२ ऑगस्टला आपल्या पत्रकार संघांनी शोएबुल्ला खानासाठी दोन मिनिटे उभे राहावे.

परवा मी त्या गृहस्थाला हे सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आपणच म्हणलो होतो की त्याला, जा म्हणून." आणि हातातली सिगारेट अर्धीच विझवून त्याने पेपर माझ्याकडे मागितला.