दरोडेखोरांचे मशालजी

१९८८ मध्ये बार्लो क्लोज ही गुंतवणूक पेढी कोसळली. ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांत पैसा गुंतवतो, असे सांगून तिने मुख्यतः लहान गुंतवणूकदारांकडून सुमारे १४ कोटी पौंड गोळा केले होते. त्यांतले बहुतेक सूत्रधारांच्या धंद्यांत आणि चैनीत उडाले. मुख्य सूत्रधार पीटर क्लोजला १९९२ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. पण पैशाला पाय नसतात. त्याला वाट काढून देणारा लागतो. आइल ऑफ मॅनमधल्या एका कंपनीच्या संचालकाला, आपल्या खात्यांतून जाणारा पैसा परक्यांचा आहे, अशी दाट शंका होती. त्याने चौकशी केली नाही. का? तर अशिलाचा हुकूम शिरसावंद्य! बुडीत पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या वाचकांना या जातीची ओळख करून देण्याची गरज नाही.

इंग्रजी कायदा या इसमाला ‘त्रयस्थ’ म्हणतो. विश्वस्ताच्या विश्वासघातात जो जाणूनबुजून मदत करतो किंवा ठेवीचा माल जाणूनबुजून पदरात घेतो, तो त्रयस्थही जबाबदार, हे लॉर्ड सेलबोर्न यांनी १८७४ मध्येच सांगितले होते. ज्या प्रिव्ही कौन्सिलच्या दारी एके काळी आपल्याकडचे वतनाचे नि दत्तकाचे दावे जात, तिथे १९९५ मध्ये लॉर्ड निकोल्स यांनी आणखी स्वच्छ सांगितले: प्रामाणिकपणा सभ्य माणसांच्या मापाने मोजायचा, प्रतिवादीच्या खिशातल्या मापाने नव्हे. आणि २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने काय केले? फक्त मालमत्ता खरेदीसाठी म्हणून कर्जाऊ दिलेले १० लाख पौंड अशिलाच्या सांगण्यावरून पुढे सोडणाऱ्या वकिलाला, आपले वर्तन लोकांच्या दृष्टीने अप्रामाणिक आहे हे त्याला स्वतःला उमगले नव्हते, म्हणून मोकळे केले! लॉर्ड मिलेट यांनी विरोध नोंदवला. तो एकटाच पडला. ज्याची सदसद्विवेकबुद्धी जितकी सडलेली तितका तो सुरक्षित, ज्याला लाज आहे तोच तेवढा सापडायचा, आणि निर्लज्जाने न्यायासनापुढून ताठ मानेने घरी जायचे, असा हा हिशेब. निगरगट्टपणाला कायद्याने दिलेले बक्षीस!

२००५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आइल ऑफ मॅनच्या त्या संचालकाला अखेर धरले, हे योग्यच झाले. पण ‘आम्ही चुकलो’ हे दोन शब्द न्यायमूर्तींच्या ओठांवर आले नाहीत. जुन्या निकालाचा अर्थच तसा होता, अशी मखलाशी करण्यात आली. सभ्य माणसांचे माप पक्के करणाऱ्या २०१७ च्या निकालानेही तो उघडपणे गाडला नाही.

एवढ्याने डोळे उघडले असे मानावे, तर २०२३ आले. साद इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीसाठी विश्वस्त म्हणून धरलेले, सुमारे ३१ कोटी ८० लाख डॉलर किमतीचे सौदी बँकांचे शेअर विश्वस्ताने स्वतःच्या कर्जापोटी सांबा बँकेला दिले होते. सौदी कायद्याने कंपनीचा हक्क हस्तांतराबरोबरच विझला, सबब दावा टिकत नाही, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. बँकेला काय ठाऊक होते, हा प्रश्न निर्णायक ठरलाच नाही! विवेकाच्या नावाने उभी राहिलेली ‘इक्विटी’ ही कायद्याची शाखा, विवेकाचा प्रश्न समोर आल्यावर मालकीच्या कागदाआड लपली, याहून मोठे ढोंग आम्हाला ठाऊक नाही. ब्रिटिश संसदेने ही पळवाट कायदा करून बुजवावी. माल पदरात घेताना घेणाऱ्याला काय ठाऊक होते, एवढेच विचारा.