सीरत-अभ्यासाला विद्यापीठाचे दार हवे

सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण मंडळ कायदा वैध ठरविला. मात्र 'कामिल' आणि 'फाजिल' या उच्च पदव्यांविषयीच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांनाच आहे, हे त्यामागील सूत्र. पदवी व पदव्युत्तर स्तरावरील या परीक्षांचा आधार त्यामुळे नाहीसा झाला.

निकालावर चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्या विद्येला या पदव्यांचे नाव होते, तिच्या भवितव्याचा विचार अभावानेच झाला. 'सीरत' म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्या चरित्राचा अभ्यास, हे तिचे ठळक अंग. आठव्या शतकातील इब्न इसहाक यांचे चरित्र आज मुख्यतः इब्न हिशाम (मृत्यू सुमारे ८३३) यांच्या संस्कारित प्रतीतून उपलब्ध आहे. कोणती कथा कोणी कोणाकडून ऐकली, ती साखळी कितपत विश्वसनीय, कुराण व हदीस यांच्याशी ती जुळते काय, हे पारखणे म्हणजे इतिहाससंशोधनाचीच शिस्त होय.

ही शिस्त आधुनिक महाविद्यालयाला परकी नाही, याचा दाखला पुण्यातच आहे. शिबली नोमानी यांनी 'सीरतुन्नबी' हे बृहद् उर्दू चरित्र हाती घेतले. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या सुमारास त्यांचे शिष्य सय्यद सुलेमान नदवी डेक्कन कॉलेजात फारसी शिकवीत होते. लखनौच्या नदवा या धार्मिक विद्यापीठात घडलेल्या या विद्वानाला पुण्यातील सरकारी महाविद्यालयाने अध्यापक म्हणून स्वीकारले होते. पुढे ही नोकरी सोडून ते आझमगढला गेले आणि गुरूचे अपुरे कार्य त्यांनी पुढे नेले.

महाराष्ट्रात उत्तर प्रदेशासारखे मदरसा मंडळ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मदरशांतील डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार, तर बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार रुपये केले. हा निर्णय स्वागतार्ह असला तरी तो शालेय विषयांपुरता आहे. वर्षानुवर्षे अरबी ग्रंथ अभ्यासलेला तरुण पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात पदवीधराच्या जागेसाठी अर्ज करू लागला, तर त्याच्या प्रमाणपत्राला पदवीचे मोल नाही.

न्यायालयाने शिकविण्यास मनाई केलेली नाही. इमाम वा धर्मशिक्षक होण्यासाठी ही विद्या पूर्वीइतकीच उपयुक्त आहे. मदरशांना आपल्या स्वायत्ततेची वाटणारी चिंताही समजण्यासारखी आहे. परंतु 'नेट' परीक्षेत अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन हा विषय आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ व जामिया मिलिया निवडक मदरशांच्या प्रमाणपत्रांवर पदवी-प्रवेश देतात. राज्यातील विद्यापीठांनीही असे सेतू उभारावेत. पदवीचा शिक्का विद्यापीठाचा आणि ग्रंथांची जाण मदरशाची, असा मेळ बसला तरच या विद्येचा आणि विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न एकत्र सुटेल.